‘मिळत नाही’चा अर्थ

भाऊ,

हे मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. शेवटचे दोन महिने तुम्ही माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नव्हता, हे मी विसरलेले नाही. ‘अश्विनीजी, आप देख लीजिए.’ ‘अश्विनीजी, कल की रिपोर्ट भेज दीजिए.’ इतकं नीट, इतकं अदबीचं हिंदी की ऐकणाऱ्याला वाटावं, किती गोडीगुलाबीनं काम करतात ही दोघं. त्याआधी मी नुसती अश्विनी होते आणि ‘तू’ होते. ‘काहून वं, आज डबा नाही आणला?’ असं विचारणारा माणूस एका बैठकीतून उठून गेला आणि परत आला नाही. मागच्या मंगळवारी तुम्ही सगळ्यांनाच सोडून गेलात, तेव्हा ऑफिसातले लोक मला म्हणाले, तुम्हारे तो घर के आदमी थे. मी मान हलवली.

काय करणार होते? त्यांना काय सांगणार होते?

मी जयपूरला आले ती रडत. कराडहून निघालेल्या पोरीला पुणं नाही, हैदराबाद नाही, कंपनीनं थेट इथं धाडलं होतं, जिथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. पन्नाशीला टेकलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला माणूस. ‘तू मराठी आहे ना? मी पण आहो. गजभिये.’ मला हसू फुटलं. मी ‘सर’ म्हणाले तर तुम्ही हात हलवलात. ‘सर नको. सर इथं सगळेच म्हणते. भाऊ म्हण. मले कोणी भाऊ म्हणत नाही इथं.’

हळूहळू कळलं की तुमचे वडील रेल्वेत होते, नागपूरहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. तुमचा जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, मित्र हिंदी. गल्लीतल्या लोकांशी तुम्ही इथल्या बोलीत असे बोलायचा की भाजीवालीही तुम्हाला गावचा समजायची. दुर्गापुऱ्यात तुमच्या मागच्या गल्लीत मला खोली तुम्हीच बघून दिलीत. पहिल्या उन्हाळ्यात माझ्याकडे पाणी येईना, तेव्हा टँकरवाल्याशी त्याच्याच बोलीत भांडून तुम्ही टाकी भरून घेतलीत. मराठी मात्र फक्त घरातलं, आईच्या तोंडचं, नागपुरी, त्यात मतलब आणि जी पेरलेलं. हिंदी, इंग्रजी, इथली बोली आणि मराठी, या चार भाषांपैकी जी तुमची सगळ्यात कच्ची होती, तीच तुम्हाला सगळ्यात जास्त हवी होती.

वहिनी वर्ध्याच्या, त्यांचं मराठी खणखणीत. रविवारी त्यांच्या हातचा गोळाभात खाताना तुम्ही मध्येच हिंदीत घसरलात की त्या म्हणायच्या, ‘घ्या, उतरली गाडी रुळावरून.’ आपण तिघं हसायचो. मला त्या घरानं काय दिलं ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. मी जयपूर सोडून गेले नाही याचं कारण तुमचं घर होतं. हे एवढं साधं वाक्य तुम्ही असताना तोंडातून निघालं नाही.

आपलं काम बाहेरच्या कोणाला सांगायचं झालं की मी नेहमी अडखळायचे, तुम्ही नाही. तुम्ही सांगायचा, एक मोठी इमारत आहे, म्हणजे खरा संगणक, त्याला होस्ट म्हणतात. तिच्यात वीस भाडेकरू राहतात, तेही संगणकच, पण हवेतले. त्यांना हात लावता येत नाही. कोणी शाळेचा, कोणी दुकानाचा, कोणी दवाखान्याचा. आपण त्या भाडेकरूंच्या सामानाची रोज एक प्रत काढून ठेवतो, घराला आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून. आता ही प्रत काढणारं सॉफ्टवेअर स्वतः दार उघडू शकत नाही. त्याला एक किल्ली लागते, तिचं नाव लायब्ररी. इमारत नवी झाली, कुलपं बदलली, की किल्लीही त्याच बेताची हवी. कुठल्या होस्टला कुठल्या आवृत्तीची लायब्ररी चालते, हे जुळवत बसणं हेच आपलं निम्मं आयुष्य.

‘म्हणजे पत्रिका जुळवायच्या,’ मी म्हणाले होते.

‘आमच्यात पत्रिका नाही पाहत बाप्पा,’ तुम्ही म्हणालात. ‘आम्ही दोघांले समोरासमोर बसवतो.’

आणि खरंच तसं करायचा. लायब्ररी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेल्या तक्त्यावर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. एक टाकाऊ मशीन उभं करायचं, त्याची प्रत काढायची, मग मूळ मशीन पुसून टाकायचं आणि प्रतीवरून ते परत उभं करायचं. त्यातली एखादी फाईल उघडून वाचायची. मगच म्हणायचं, चालतं. दर गुरुवारी गिऱ्हाइकांपैकी एकाची पाळी. सकाळी आल्या आल्या तुम्ही हात चोळत विचारायचा, ‘आज कोणाले उठवायचं?’ मला कंटाळा यायचा. पडद्यावर सगळे बॅकअप हिरवे दिसताहेत, मग ही उठाठेव कशाला? तुम्ही म्हणायचा, ‘लालची भीती नाही मले. लाल तं ओरडून सांगते. हिरव्याची भीती आहे.’

किल्ली चुकीची असली की दार नेहमीच अडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कधी कधी दार उघडतं, हात आत जातो आणि भलतंच काहीतरी घेऊन बाहेर येतो. वर पाटी लागते, काम झालं.

या सगळ्या जोड्या तुम्ही एका वहीत लिहून ठेवायचा, निळ्या पुठ्ठ्याच्या. कागदावर का, म्हणून मी तुमची थट्टा केली तर म्हणालात, सर्व्हरच बसला तं सर्व्हरवरची नोट कोण वाचेल? आणि वहीत तुम्ही मराठीत लिहायला लागलात ते मी आल्यावर. वाचणारी मी एकटीच होते. बॅकअपला आपण दोघंच, तेव्हा चालून जात होतं. ‘तू तपासत जा,’ म्हणालात. झालं. माझ्या हातात लाल पेन आलं.

भाऊ, मला शिकवायची हौस आहे, हे आमच्या घरातही सगळे सांगतात. आई म्हणते, ही जन्मताच चूक काढत आली. तुम्ही चहा ‘भेटला का’ विचारायचा, पार्किंग ‘भेटली’ म्हणायचा, मी लगेच टोकायचे. वस्तू मिळते भाऊ, माणूस भेटतो. तुमच्या नागपुराकडं सर्रास तसं बोलतात, हे मला माहीत होतं. तरी मी टोकायचे. वहीत ‘सेटिंग भेटत नाही’ असं दिसलं की त्यावर लाल रेघ आणि शेजारी ‘मिळत नाही’. तुम्ही नवा शब्द खाली दोनदा लिहून काढायचा. ‘तू तं मास्तरीण आहेस वं,’ म्हणायचा आणि हसायचा. मला ते हसणं आवडायचं, आणि त्याहून जास्त, मास्तरीण असणं आवडायचं.

बस्सीची ती फेरी आठवते? दर महिन्याला प्रतींची एक डिस्क शहराबाहेर ठेवायची, म्हणून आपण तुमच्या स्कूटरवरून आग्रा रोडनं बस्सीला जायचो, तिथं एका गोदामात आपलं कपाट होतं. डिस्कचा डबा माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. खड्डा आला की तुम्ही ओरडायचा, धर नीट, आत लोकांचं घरदार आहे. त्या दिवशी गोदामाच्या पायरीवर जेवायला बसलो. जेवण झाल्यावर तुम्ही डब्यावर झाकण बसवत होता आणि ते बसेना. वहिनींनी घाईत दुसऱ्याच डब्याचं झाकण दिलं होतं. ‘झाकण मिळत नाही,’ तुम्ही म्हणालात.

‘हातात धरलंय की भाऊ! मिळत नाही काय?’

‘अगं मिळत नाही. मतलब, याचं याले मिळत नाही.’

मी हसून हसून बेजार झाले. मग कळलं, ते हिंदीतलं मिलना होतं. झाकण डब्याला जुळत नाही, असं तुम्हाला म्हणायचं होतं. मी तेही दुरुस्त केलं, जुळत नाही म्हणा, आणि तुम्ही मान डोलावलीत.

त्याच पायरीवर तुम्ही मला आईची गोष्ट सांगितलीत. शेवटच्या दिवसांत त्या हिंदी सगळं विसरल्या होत्या, लहानपणीचं मराठी तेवढं उरलं होतं. सारखं म्हणायच्या, ‘मले निजव.’ घरात तुम्ही सगळे ‘झोप’ म्हणणारे, तुम्हाला निजणं ठाऊकच नव्हतं. तुम्हाला वाटलं, आईला काही निजी बात सांगायची आहे. तुम्ही खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलंत, दार लावलंत आणि त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसलात. त्या म्हणत राहिल्या, निजव, आणि तुम्ही म्हणत राहिलात, बोल ना आई, कोणी नाही इथं. वहिनी माहेराहून परत आल्या तेव्हा त्यांनी तुम्हाला अर्थ सांगितला. ‘तिले नुसतं उशीवर टेकवायचं होतं वं,’ तुम्ही म्हणालात आणि रिकामा डबा पिशवीत भरत राहिलात. मराठी कशासाठी शिकायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

आता त्या नऊ दिवसांबद्दल लिहायला हवं.

होस्ट नवा झाला होता, कारण जुन्या आवृत्तीची सुरक्षा बंद होत होती. तुम्ही नव्या होस्टला नवी लायब्ररी बसवलीत, पण आपलं बॅकअपचं मशीन म्हातारं, नवी लायब्ररी त्याला झेपेना. दिवसाआड दोन-चार बॅकअप लाल. मी म्हणत होते, एकदाचं ते मशीनच बदला, सगळं नवं करा, जग कुठं गेलं नि आपण कुठं. तुम्ही म्हणत होता, लाल होते तं होऊ दे, हातानं परत चालवू, घाई काहून करून राहिली? आपलं चांगलंच वाजलं. तुम्हाला पुतणीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. पिशवी उचलताना तुम्ही म्हणालात, ‘बाकीचं आल्यावर भांडू.’ ते भांडण राहूनच गेलं.

तुम्ही गेलात आणि लालचं प्रमाण वाढलं. मी वही उघडली. शेवटच्या पानावर तुमच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘नवा होस्ट. जुनी लायब्ररी मिळत नाही.’

भाऊ, मला आनंद झाला. आधी व्याकरणाचा. भेटत नाही न लिहिता मिळत नाही लिहिलंय, शिकला की गडी! मग वाटलं, म्हणजे यांनाही जुनीच लायब्ररी हवी होती, जी म्हाताऱ्या मशीनला झेपते, पण ती कुठं सापडली नाही. मी शोधायला बसले. बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, जुन्या वस्तूंच्या एका कोपऱ्यात ती निघाली. मी उतरवून घेतली, बसवली. दुसऱ्या दिवशी सगळे बॅकअप हिरवे. एकही लाल नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश. तुम्हाला फोन करणार होते, पण म्हटलं आल्यावर दाखवू, भाऊ बघा, तुम्हाला मिळत नव्हती ती मला मिळाली. गुरुवार आला, मी कोणालाच उठवलं नाही. सगळं हिरवं असताना कोण त्या भानगडीत पडतं.

तुम्ही लिहिलं होतं, जुळत नाही. तुम्ही दोघांना समोरासमोर बसवून पाहिलं होतं, जुळत नाही असं कळलं होतं, आणि मला धोक्याची सूचना लिहून ठेवून तुम्ही लग्नाला गेला होता.

लायब्ररी बदलल्याच्या नवव्या दिवशी वैशाली नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं मशीन बसलं. प्रतीवरून उठवायला गेले तर उठलं, पण आत नऊ दिवसांचं काही धड नव्हतं. फाईलींची नावं होती, उघडलं की कचरा. मी बदल केला त्या दिवसाच्या आधीचं सगळं शाबूत, नंतरचं सगळं गेलेलं. तुमची गाडी त्याच दिवशी आली. मी फोनवर सांगितलं आणि तुम्ही दुर्गापुरा स्टेशनवर उतरून, घरी न जाता, बॅगेसकट वैशाली नगर गाठलंत.

लॅबच्या काउंटरवर लोकांची रीघ लागली होती, रिपोर्ट मागायला आलेल्यांची. त्यांना परत रक्त द्यावं लागणार होतं. लॅबवाले चिडलेले, त्यांच्याशी कोण बोलणार? तुम्ही बाहेर बाकाजवळ उभे राहिलात आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत राहिलात. एक म्हातारी होती, बाहीखाली आधीच्या सुईची निळी खूण अजून दिसत होती. ‘पिछले हफ़्ते तो दिया था बेटा,’ ती म्हणाली. ‘माताजी, गलती हमारी है,’ तुम्ही म्हणालात आणि तिला स्टूल ओढून दिलंत. हमारी म्हणालात. मी चार पावलं मागे उभी होते.

दोन दिवसांनी बैठक. शेखावतजी, आपले मॅनेजर, वही उघडून बसले होते. ते इथलेच, मराठीचा गंध नाही, पण देवनागरी वाचता येतं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. ‘जुनी लायब्ररी मिळत नाही. मतलब मिलती नहीं, मैच नहीं होती. साफ़ तो लिखा है. फिर आपने क्यों लगाई?’

मराठी न येणाऱ्या माणसानं तुमचं मराठी बरोबर वाचलं, भाऊ. आणि मी, कराडची, मराठी शाळेत शिकलेली, निबंधात बक्षिसं घेतलेली, तोंड वर करून म्हणाले, ‘नहीं सर. मराठी में मिळत नाही का मतलब है, उपलब्ध नहीं है. यह हिंदी नहीं है, मराठी है. गजभियेजी से ही पूछ लीजिए.’ आणि तुमच्याकडे वळून विचारलं, ‘बताइए भाऊ, मराठी में क्या मतलब होता है इसका?’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. हे तुम्ही असताना मी कधी कबूल केलं नाही, म्हणून आता तुमच्यापुढे करते. पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच कळलं नव्हतं. पण शेखावतजींनी ‘मैच नहीं होती’ म्हणताच बस्सीची पायरी आणि ते झाकण लख्ख आठवलं. तुम्ही काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं, सगळं उलगडलं. मी चूक म्हणू शकले असते. पण नोकरी जाईल अशी भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, मराठीत माझी चूक निघाली हे सोसवेना.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हालाही झाकण आठवलं असणार. मग शेखावतजींकडे वळून तुम्ही म्हणालात, ‘यह सही कह रही है. मेरी मराठी कच्ची है, सर.’

बस. अहवालात कारण लिहिलं गेलं, नोंदीतल्या सदोष भाषेमुळे गैरसमज. बॅकअपचं काम तुमच्याकडून काढून माझ्याकडे दिलं आणि तुम्हाला गिऱ्हाइकांच्या तक्रारी नोंदवायला बसवलं. बावीस वर्षं मशीनं उठवलेल्या माणसाला फोन उचलायला. वही तुमच्या खणात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, ‘भाऊ, चहा?’ तुम्ही म्हणालात, ‘आप लीजिए, अश्विनीजी. मैंने पी ली.’

दोन महिने मी हेच ताडत राहिले की तुम्ही रागावलात की लाजलात. राग असेल तर उतरेल, असं मी स्वतःला समजावत होते. एक दिवस तुम्ही पुन्हा काहीतरी अशुद्ध बोलाल, मी हसेन, आणि सगळं पूर्वीसारखं होईल. माफी मागायची राहिली ती त्या आशेवर. रोज तुमच्या टेबलावरून जाताना वाक्य ओठावर असायचं. रविवारी तुमच्या घरी येणंही मी बंद केलं, काम आहे म्हणून सांगत राहिले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कौनसा काम.

तुमच्या शेवटच्या कार्याला, जलदान विधीला, घरी आले तेव्हा माणसांच्या गर्दीत मागे बसून राहिले. सगळे तुमच्याबद्दल बोलत होते, रेल्वे कॉलनीतले जुने लोक, शेजारी, ऑफिसातले. मला कोणीतरी म्हणालं, आप भी दो शब्द कहिए, मराठी में कहिए. मला उठवेना. सोमवारी मी शेखावतजींकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं, अगदी झाकणापासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘अब क्या फ़ायदा? आदमी चला गया. फ़ाइल बंद है, रहने दीजिए.’ बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. तरी मी अहवालाला जोडायला एक पान लिहून दिलं, त्यांनी ते ठेवून घेतलं. जोडलं की नाही, विचारायचा मला काय अधिकार. तुमच्या खणातली वही त्यांनी काढून माझ्या हातात दिली. ‘इसमें मराठी है. आप ही रखिए.’ माझ्या लाल रेघा पानापानांवर आहेत, भाऊ. इतक्या केल्या होत्या, मला वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी वही घेऊन वहिनींकडे गेले. घरात पाहुणे उरले नव्हते. त्या मला पाहून रडल्या, मला जवळ बसवून घेतलं, वाळली आहेस म्हणाल्या. किती दिवस आली नाहीस वं, म्हणाल्या. वही त्यांनी हातात घेतली, उघडली नाही. मग म्हणाल्या, ‘अश्विनी, एक विचारू का तुले? हे दोन महिने घरातही मराठी बोलेच ना. मी चिडवलं, उतरली का गाडी रुळावरून, तं हसले पण नाही. म्हणे, अपनी वाली मराठी गलत है, रहने दो. आईच्या तोंडचं मराठी गलत आहे, असं म्हणे. तीस वर्षांत कधी असं बोलले नाही. ऑफिसात काही झालं होतं का?’

तर तुम्ही रागावला नव्हता.

मी वहिनींना सगळं सांगितलं. होस्ट आणि लायब्ररी त्यांना इमारत आणि किल्ली म्हणून सांगितली, तुम्ही सांगायचा तशी. वहीतलं पान दाखवलं. बैठकीत मी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत ते जसंच्या तसं सांगितलं. मला माहीत असूनही मी गप्प राहिले, हेही सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग उठल्या, आत गेल्या, चहा टाकल्याचा आवाज आला. कप आणून त्यांनी माझ्यासमोर स्टुलावर ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

‘लीजिए, अश्विनीजी,’ त्या म्हणाल्या. ‘ठंडी हो जाएगी.’

मी ‘जी’ म्हटलं आणि कप उचलला.